द्राक्षांच्या गावी सुट्टीवर

कामाला सुट्टी असते, आणि सुट्टीवर जायचे म्हणून माणसे हातातले काम आवरून ठेवतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. पण काम आणि सुट्टी ही सख्खी भावंडे असल्यासारखी एकाच सरकारी कागदावर शेजारी शेजारी बसलेली पाहायची असतील, तर ऑस्ट्रेलियाचा एक व्हिसा पाहावा. त्याचे नावच मुळी ‘वर्क अँड हॉलिडे’. वय अठरा पुरे आणि एकतीस अपुरे अशा तरुणाने वर्षभर देश हिंडावा, पाहावा, आणि हिंडण्यापुरते पैसे तिथेच काम करून मिळवावेत, अशी ही योजना.

ऐकायला मोठे गोड वाटते. पण आम्हा तासगावकडच्या लोकांचा स्वभाव जरा चिकित्सक. कोणी परका माणूस आपल्याला आग्रहाने मळ्यावर बोलवू लागला, की आमच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की याच्या बागेत माल तयार झालेला दिसतो आणि काढायला माणूस मिळत नाहीसे दिसते. हा विचार कितपत खरा आणि कितपत खोटा, ते २०२५ च्या मार्च महिन्यात मी ऑस्ट्रेलियातील मिल्ड्यूरा या गावी चार दिवस राहून पाहिले. तिथे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा याच व्हिसावर द्राक्षे काढीत होता.

चाळीस हजारांत एक हजार

ऑस्ट्रेलियाने ही प्रथा १९७५ साली सुरू केली. आरंभी ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा एवढ्याच घरच्या मंडळींना आमंत्रण होते. पुढे यादी वाढत गेली. तीत भारताचे नाव यायला मात्र जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. दोन्ही देशांमधला व्यापारी करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यातल्या एका कलमाने वर्षाला एक हजार भारतीय तरुणांना या व्हिसाची वाट मोकळी झाली, आणि प्रत्यक्ष दार उघडले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये.

एवढ्या मोठ्या देशाला जागा एक हजार! म्हणजे म्हाडाच्या घरांसारखी सोडत आलीच. पंचवीस डॉलर भरून नाव नोंदवायचे; ते पैसे परत मिळत नाहीत. नोंदणीला पासपोर्ट लागतो आणि आपले पॅन कार्डही लागते. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे चाळीस हजार नावे आल्याचे तिथल्या एका मंत्र्याने सांगितले. माझ्या भाच्याचे नाव निघाले. पुण्याची नोकरी सोडून हा मुलगा सहाव्या महिन्यात गुडघाभर मातीत उभा राहणार आहे, याची कल्पना त्या दिवशी वाटलेल्या पेढ्यांना कोठून असणार?

नाव निघाले म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. तिथून अठ्ठावीस दिवसांत खरा अर्ज करायचा. २०२४-२५ साली त्याचे शुल्क ६५० डॉलर होते, म्हणजे आपले पस्तीस-छत्तीस हजार रुपये. शिवाय खात्यावर ५,००० डॉलर दाखवायचे आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे. इंग्रजी कामापुरते येते याचा पुरावा हवा. आयईएलटीएस परीक्षेत सरासरी साडेचार गुण पुरतात. प्रकृती ठीक हवी, पोलिसांत नाव नको, सोबत मूलबाळ नेता येत नाही. आणि सर्वांत गंमत म्हणजे, बारावीनंतर निदान दोन वर्षांचे कॉलेज झालेले पाहिजे. द्राक्षाचा घड कात्रीने कापायला कॉलेज कशाला लागते, हे आमच्या मळ्यावरच्या बायकांना विचारले तर त्या पदर तोंडाला लावून हसतील.

मिल्ड्यूराची वाट

मेलबर्नहून मिल्ड्यूरा वायव्येला साडेपाचशे किलोमीटरांवर आहे. मेलबर्नच्या एका स्नेह्यांच्या मोटारीतून आम्ही निघालो. बेंडिगोपर्यंत प्रदेश ओळखीचा वाटावा असा. टेकड्या, झाडी, सोन्याच्या खाणींच्या काळातल्या ऐटबाज इमारती. बेंडिगो मागे पडले की झाडे खुजी होत जातात. एकाच मुळातून पाच-सहा खोडे फुटलेल्या निलगिरीचे रान लागते. त्याला तिकडे मॅली म्हणतात. गहू निघून गेलेली रिकामी शेते, मधूनच धान्याची उंच गोल कोठारे, आणि तांबडी माती. तासन्तास वळण नाही, घाट नाही, चहाची टपरी नाही! आपल्याकडे पन्नास किलोमीटरांत जेवढी माणसे भेटतात तेवढी या साडेपाचशे किलोमीटरांत भेटली नाहीत.

आणि मग एकाएकी हिरवा रंग अंगावर येतो. द्राक्षांच्या रांगा, संत्र्यांच्या बागा, बदामाची झाडे. वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भूमीवर ही हिरवाई आली ती मरे नदीमुळे. पूर्वेच्या पर्वतांतून निघून अडीच हजार किलोमीटर वाहणारी ही नदी इथे शांतपणे वळणे घेत जाते. काठावर पांढऱ्या खोडांची प्रचंड झाडे उभी आहेत. पाणी पंपाने उचलून बागांना दिलेले आहे. कृष्णेचे पाणी उपसा योजनेने चढवून आमच्या कोरड्या माळावर आणल्यावर तिथे काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मिल्ड्यूरा समजावून सांगावे लागत नाही.

हा चमत्कार करणारे दोघे भाऊ कॅनडाचे, जॉर्ज आणि विल्यम चॅफी. कॅलिफोर्नियात पाण्यावर वसाहती उभारून त्यांनी नाव काढले होते. १८८५ साली व्हिक्टोरिया प्रांताचा एक तरुण मंत्री ते काम पाहायला गेला आणि त्याने पाण्याचा ध्यास घेतला. भावांना इकडे आणण्यामागे त्याचीच खटपट होती. १८८७ साली मिल्ड्यूराची वसाहत सुरू झाली. पुढे मंदी आली, कंपनी बुडाली, जॉर्ज अमेरिकेला परतला. विल्यम मात्र गावातच राहिला आणि त्याच गावाचा नगराध्यक्ष झाला. गावातला मुख्य रस्ता आजही त्या मंत्र्याच्या नावाचा आहे. डीकिन अव्हेन्यू. एवढा रुंद, की मधल्या झाडांच्या पट्ट्यावर आपल्याकडे आठवड्याचा बाजार भरेल.

आल्फ्रेड डीकिन हे नाव आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. हा गृहस्थ आपल्या देशातही येऊन गेला. इथले कालवे, धरणे पाहून त्याने ‘इरिगेटेड इंडिया’ नावाचे पुस्तक लिहिले; ते १८९३ साली निघाले. हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांचा एवढा अभ्यास करणारा हा माणूस १९०१ साली ऑस्ट्रेलियाचा कायदेमंत्री होता, आणि हिंदुस्थानच्या माणसाला दारातच अडवणारा कायदा त्याच साली झाला, त्यात त्याचा पुढाकार होता. त्या कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. फक्त अधिकाऱ्याने येणाऱ्याला पन्नास शब्दांचे शुद्धलेखन घालायचे, आणि ते कोणत्याही युरोपीय भाषेत घालण्याची मुभा! इंग्रजी येणारा माणूस दिसला तर दुसरी भाषा काढायची, की झाले काम. ही परीक्षा १९५८ साली बंद झाली आणि गोऱ्यांपुरता देश ठेवण्याचे धोरण १९७३ मध्ये अखेर संपले. डीकिनच्या नावाच्या रस्त्यावरून माझा भाचा सायकलवर भाजी आणायला जातो, तेव्हा त्याच्या खिशात साडेचार गुणांचे प्रमाणपत्र असते. काळ बदलला आहे यात शंका नाही. शुद्धलेखन जाऊन सोडत आली.

एकच वेल, दोन मळे

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भाच्याबरोबर बागेत गेलो आणि पहिल्याच रांगेशी थबकलो. वेल ओळखीचा! आपण ज्याला थॉमसन सीडलेस म्हणतो तेच द्राक्ष तिकडे सुलताना. आमच्या तालुक्यात नावाजलेले तास-ए-गणेश हेही त्याच थॉमसनच्या घराण्यातले. नात्याचा धागा इथेच संपत नाही. बेदाणा करताना आमचे शेतकरी घड ज्या पांढऱ्या द्रावणात बुडवतात, ती पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाची कृती ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच ओळखली जाते. जाळीचे मजल्यामजल्यांचे रॅक, वर पत्रा, खालून वारा. मिल्ड्यूराच्या रस्त्याकडेला असे जुने रॅक पाहिले आणि क्षणभर आपण सावळजच्या वाटेवर आहोत असा भास झाला. आता तिकडे बेदाण्याची द्राक्षे वेलीवरच काडी कापून सुकवतात आणि यंत्राने काढतात. माणसाचा हात लागतो तो मुख्यतः खायच्या द्राक्षांना. घड डागाळता कामा नये, मणी गळता कामा नये, आणि एवढी नजर अजून यंत्राला आलेली नाही.

आणखी एक नवल. ऋतू उलटे असूनही दोन्हीकडे द्राक्षे काढण्याचे महिने एकच. तिकडे वेल थंडीत पाने गाळून झोपतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी, जानेवारी ते एप्रिलमध्ये फळ देतो. आपल्याकडे त्याला झोप नाहीच. एप्रिलची छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी करून आपण त्याच्याकडून याच दिवसांत माल घेतो. म्हणजे भाचा मरे नदीकाठी परक्याची द्राक्षे काढीत होता, त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांच्या मळ्यावर रोजाने आणलेल्या बायका त्याच्या घरची द्राक्षे काढीत होत्या!

माझ्या बहिणीचे दुःख नेमके हेच होते. शेजारीपाजारी ती ‘ट्रेनिंगला गेलाय’ असे सांगे. निघताना मला म्हणाली, “दादा, त्याला तेवढे विचार, घरच्या मळ्यात कधी कात्री हातात धरली नाही, आणि तिथे जाऊन ही हौस कसली?”

बारा वाजता उन्हाने काम थांबले, तेव्हा वेलीच्या सावलीत बसून मी तिचा प्रश्न त्याला जसाच्या तसा विचारला. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, घरी धरली नाही हेच खरे. तिथे मी मालकाचा मुलगा होतो. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी बोटे सुजली, तेव्हा मला आपल्याकडच्या बायकांची आठवण झाली. त्या सकाळी आठला येतात आणि संध्याकाळपर्यंत वाकलेल्या असतात. त्यांना बसायला सावली कुठे आहे, प्यायला पाणी किती लांबून आणतात, हे मला आठवेना. मी कधी पाहिलेच नव्हते.”

मुकादम इथेही आहे

बीड-पाथर्डीकडून ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्या आपण दरवर्षी पाहतो. पुढे मुकादम, मागे बैलगाडी, त्यात संसार. उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. मिल्ड्यूराच्या पोरांच्या पाठीशी बँकेत पाच हजार डॉलर असतात आणि परतीचे तिकीट असते. तेव्हा दोघांना एका मापाने मोजणे अन्याय होईल. पण मुकादम मात्र मला तिथेही भेटला. त्याला लेबर हायर कंत्राटदार म्हणतात. बागाईतदार त्याला सांगतो, तो माणसे आणतो, गाडीने पोचवतो, राहायला जागा देतो, आणि गाडीचे व जागेचे पैसे पगारातून कापतो.

भाच्याचा पहिला कंत्राटदार नगावर पैसे देई. दिवसभर राबून तासाचा हिशेब केला तर तो कायद्याच्या निम्म्यावर येई. वास्तविक २०२२ च्या एप्रिलपासून तिथे नियमच आहे, की नगावर काम असले तरी फळबागेतल्या मजुराला तासाच्या किमान वेतनाहून कमी मिळता कामा नये. जुलै २०२४ पासून देशाचे किमान वेतन तासाला २४ डॉलर १० सेंट होते, आणि रोजंदारीवरच्या माणसाला त्यावर चौथा हिस्सा अधिक. व्हिक्टोरियात २०१९ पासून अशा कंत्राटदाराला परवानाही घ्यावा लागतो. भाच्याने परवान्यांची यादी पाहिली; या गृहस्थांचे नाव तीत नव्हते. त्याने तीन आठवड्यांची मजुरी लिहून काढली, दोन मित्रांच्या सह्या घेतल्या आणि कागद पुढे ठेवला. निम्मे पैसे मिळाले, निम्मे बुडाले, आणि तो दुसऱ्या, परवाना असलेल्या माणसाकडे गेला.

“तक्रार केली असतीस की,” मी म्हणालो. तक्रार ऐकायला फेअर वर्क ऑम्बुड्समन नावाचे सरकारी खाते आहे.

तो हसला. “मामा, अठ्ठ्याऐंशी दिवस कोण देणार?”

या योजनेची खरी कळ ती हीच. व्हिसा एक वर्षाचा. दुसरे वर्ष हवे असेल तर ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात, शेतीसारख्या ठरवून दिलेल्या कामावर तीन महिने, म्हणजे अठ्ठ्याऐंशी दिवस भरायचे. मग दुसऱ्या व्हिसाला पुन्हा सोडत नाही. तिसऱ्या वर्षासाठी सहा महिने. दिवस भरल्याचा पुरावा म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या देणारा तोच, ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची! उसाच्या फडात उचल जे काम करते, ते इथे या चिठ्ठ्या करतात. ब्रिटिश पासपोर्टवाल्या तरुणांना १ जुलै २०२४ पासून ही अट उरलेली नाही. त्यांना सोडतही नाही, आणि वयाची मर्यादा पस्तिसापर्यंत. द्राक्षांना हात हवेत, आणि ज्यांना नाही म्हणता येते त्यांना नाही म्हणू दिले आहे.

२०२० मध्ये साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा बाहेरची पोरे नाहीत म्हणून ठिकठिकाणी मळेवाले हवालदिल झाले होते. या सुट्टीवाल्या मुलांवाचून तिथली फळे बाजारात पोचत नाहीत, हे तेव्हा सर्वांना कळले. तरी पाहुणचार बेताचाच. पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर. ही पायरी ४५,००० डॉलरपर्यंत. मालक म्हातारपणासाठी म्हणून जी रक्कम वेगळी भरतो, ती देश सोडताना परत मिळते खरी, पण तिच्यातून पासष्ट टक्के कर कापून!

अर्ज करणाऱ्यांसाठी

हे सारे वाचून कोणी तरुण वाचक अर्जाचा विचार सोडून देईल तर ते मला आवडणार नाही. मिल्ड्यूराच्या त्या घरात सात मुले-मुली राहत होती. एक इटलीची, दोघे तैवानचे, एक अर्जेंटिनाचा. रात्री सगळ्यांचे मिळून एक पातेले चुलीवर चढे आणि रविवारी सारी जण नदीवर जुनी वाफेची बोट पाहायला जात. रोजच्या कामात जात नाही, गाव नाही, बापाचे नाव नाही. ज्याचा क्रेट स्वच्छ भरला तो शहाणा. हा अनुभव पुण्या-मुंबईच्या थंड खोलीतल्या खुर्चीवर मिळत नाही.

पण जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून जावे. सोडतीत नाव काढून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे व्हावे. एका माणसाचे नाव एकदाच नोंदवले जाते, आणि निवड कोणाच्या वशिल्याने होत नाही. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही, म्हणजे ही कायमच्या नोकरीची शिडी नव्हे. शिक्षणही चार महिन्यांपुरतेच घेता येते. कंत्राटदाराचा परवाना आधी पाहावा. पगाराची चिठ्ठी दर आठवड्याला मागून घ्यावी आणि स्वतःचा हिशेब वेगळा लिहावा. राहायच्या जागेचे पैसे भरण्यापूर्वी जागा पाहावी. तिला बाहेर पडायला किती दारे आहेत तेही पाहावे. क्वीन्सलंडमधील चिल्डर्स गावी २३ जून २००० रोजी एका जुन्या इमारतीतल्या वसतिगृहाला आग लावली गेली आणि पंधरा तरुण प्राणांस मुकले. फळे आणि भाज्या तोडण्याच्या हंगामासाठीच मुले अशा जागांतून उतरत असतात.

आणि बटण दाबण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की सुट्टीचा भाग वजा केला तर उरलेले काम मी मनापासून करीन का? ज्याचे उत्तर हो असेल त्याने खुशाल पंचवीस डॉलर भरावेत.

मी निघालो तेव्हा भाच्याच्या खिशातल्या डायरीत एकेचाळीस रेघा झाल्या होत्या. द्राक्षे संपल्यावर तो संत्र्यांच्या बागेत गेला. जुलैमध्ये त्याचा निरोप आला, की अठ्ठ्याऐंशी पुरे झाले, सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत, आणि आता पुढचे दोन महिने समुद्रकाठाने हिंडणार. त्याच निरोपात वडिलांसाठी एक ओळ होती. ऑक्टोबरच्या छाटणीला माणसे येण्यापूर्वी मळ्यात सावलीला एक छप्पर घालावे आणि पाण्याची टाकी विहिरीवरून रांगांच्या टोकाशी आणावी, खर्च तो पाठवील.

मेहुण्यांनी आधी थोडी कुरकुर केली. पण दसऱ्याला मी तासगावला गेलो तेव्हा टाकी बसली होती, छपराचे पत्रे येऊन पडले होते, आणि शेजारची बाई “मुलगा काय करतो हो तिकडे?” असे विचारीत होती. बहिणीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “द्राक्षे काढतो.”